विश्लेषण : वाण ‘नोंदणीकृत’ असला, तरी हातातले रोप खरे कशावरून?

पावसाळ्याच्या तोंडावर सोलापूर जिल्ह्यातील रोपवाटिकांमध्ये गर्दी वाढते. कुणाला दोन एकरांची बाग लावायची असते, कुणाला बंगल्याच्या आवारात दोन झाडे हवी असतात. गेल्या काही वर्षांत या खरेदीत एक शब्द वारंवार ऐकू येतो, तो म्हणजे ‘नोंदणीकृत वाण’. सीताफळ असो की द्राक्ष, हा शब्द आला की रोपाची किंमत वाढते आणि घेणाराही फारशी घासाघीस करत नाही. पण नोंदणी नेमकी कशाची झालेली असते? वाणाची, रोपाची की रोपवाटिकेची? हा फरक न कळल्याने तीन-चार वर्षांची मेहनत वाया जाऊ शकते.

नव्या वाणांची एवढी चर्चा सोलापुरातच का?

कारण यातले बरेच वाण प्रयोगशाळेतून नव्हे, तर इथल्याच शेतकऱ्यांच्या बांधावरून आले आहेत.

बाहेरच्यांना नान्नज हे गाव माळढोक पक्ष्यासाठी माहीत असते. द्राक्ष बागायतदारांना मात्र ते नानासाहेब काळे यांच्यासाठी माहीत आहे. ‘सोनाका’ हा लांबट मण्यांचा बिनबियांचा वाण त्यांनी ‘थॉम्पसन सीडलेस’च्या बागेतून निवडला. सोलापूर, नान्नज, काळे अशी त्या नावाची फोड सांगितली जाते. काळ्या द्राक्षांतला ‘शरद सीडलेस’ही त्यांचाच, त्याला शरद पवार यांचे नाव दिले गेले. पुढे त्यांचे पुत्र दत्तात्रय काळे यांनी ‘दनाका’, ‘सरिता’, ‘किंग बेरी’ असे वाण पुढे आणले. ‘दनाका’ म्हणजे दत्तात्रय नानासाहेब काळे.

हे वाण तयार कसे झाले, ते समजले तर पुढचा सगळा वाद समजतो. द्राक्षाच्या वेलीवर एखाद्या डोळ्यात नैसर्गिकरीत्या जनुकीय बदल होतो आणि त्यातून फुटलेली काडी इतरांपेक्षा वेगळी निघते. मणी लांब असतात, रंग वेगळा असतो किंवा फुगवण जास्त असते. हजारो काड्यांमधली ती एक काडी बागेत रोज फिरणाऱ्याच्याच नजरेस पडते. मग ती वेगळी लावायची, तिच्यापासून पुन्हा वेली करायच्या आणि तो गुण टिकतो का, हे वर्षानुवर्षे पाहायचे. सांगली जिल्ह्यातला ‘तास-ए-गणेश’ही असाच, शेतकऱ्याच्या निवडीतून आला. राज्यातल्या द्राक्षशेतीचा मोठा भाग अशा नजरेवर उभा आहे.

सीताफळात हेच काम बार्शी तालुक्यातील गोरमाळे येथील नवनाथ मल्हारी कसपटे यांनी केले. त्यांच्या नावाची आद्याक्षरे घेऊन आलेला ‘एनएमके-१ (गोल्डन)’ हा वाण आज राज्याबाहेरही लावला जातो. बिया कमी, गर जास्त, फळ मोठे, साल पिवळसर सोनेरी आणि तोडणीनंतर फळ जास्त दिवस टिकते, ही त्याची ओळख. झाडावर चार दिवस जास्त राहिले की उकलते आणि बाजारात पोहोचेपर्यंत मऊ पडते, हे गावठी सीताफळाचे जुने दुखणे. म्हणून टिकवण हा गुण सीताफळात गोडीइतकाच महत्त्वाचा ठरतो.

तिसरे पीक डाळिंब. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र शहरालगत केगाव येथे आहे. याच केंद्राने २०१७ मध्ये ‘सोलापूर लाल’ हा वाण दिला. ‘गणेश’ वाणात १०० ग्रॅममागे २.७ ते ३.२ मिलिग्रॅम लोह असते, तर ‘सोलापूर लाल’मध्ये ते ५.६ ते ६.१ मिलिग्रॅम आहे. जस्त आणि ‘क’ जीवनसत्त्वही जास्त आहे. बाजारात मात्र अजून ‘भगवा’च राजा आहे. ग्राहक लोह मोजून डाळिंब घेत नाही, रंग बघून घेतो.

नोंदणी म्हणजे नेमके काय होते?

भारतात यासाठी ‘पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१’ आहे. त्याखाली २००५ मध्ये दिल्लीत प्राधिकरण स्थापन झाले. वाण तयार करणारा तिथे अर्ज करतो. मग तीन गोष्टी तपासल्या जातात. हा वाण आधीच्या वाणांपेक्षा वेगळा आहे का? त्याची सगळी झाडे एकसारखी आहेत का? आणि पुढच्या पिढीत गुण तसेच राहतात का? ‘नवा वाण’ म्हणून नोंद हवी असेल तर आणखी एक अट असते. अर्जाच्या आधी तो भारतात एका वर्षापेक्षा जास्त काळ विकलेला नसावा.

ही शेवटची अट अनेक शेतकऱ्यांना आडवी येते. वेगळी काडी सापडली की तो आधी पाहुण्यांना देतो, मग मित्रांना, मग चार जणांकडून पैसे घेऊन देतो. कागदाचा विचार येईपर्यंत ती काडी तीन जिल्ह्यांत पोहोचलेली असते. अशांसाठी कायद्यात ‘शेतकऱ्यांचा वाण’ आणि ‘प्रचलित वाण’ असे वेगळे वर्ग ठेवले आहेत. त्यांना नावीन्याची अट नाही, बाकीच्या तीन कसोट्या आहेत. शेतकऱ्याला शुल्कातही माफी आहे.

अर्ज मान्य झाला की तो प्राधिकरणाच्या नियतकालिकात जाहीर होतो. कुणाचा आक्षेप असेल तर तीन महिन्यांत नोंदवता येतो. त्यानंतर प्रमाणपत्र मिळते. फळझाडे आणि वेलींसाठी हा हक्क जास्तीत जास्त १८ वर्षांचा, इतर पिकांसाठी १५ वर्षांचा. झाडांना आणि वेलींना आधी नऊ वर्षे मिळतात; पुढे शुल्क भरून नूतनीकरण करावे लागते. या काळात त्या वाणाची रोपे तयार करणे, विकणे, वितरित करणे, आयात-निर्यात करणे हे हक्क नोंदणीधारकाचे किंवा त्याने परवाना दिलेल्याचे असतात.

परदेशातल्या फुलांच्या नोंदणीपेक्षा हे वेगळे कसे?

समाजमाध्यमांवर पिओनी, डेलिया, ऑर्किडच्या ‘नव्याने नोंदलेल्या’ जातींचे फोटो फिरतात आणि हौशी बागकाम करणारे त्यांच्या मागे लागतात. (पिओनीला कडाक्याची थंडी लागते. चाळिशी पार करणाऱ्या सोलापुरात तिचे कंद मागवणे म्हणजे पैसे उन्हात वाळत घालणे.) पण पिओनीची नोंद अमेरिकन पिओनी सोसायटी ठेवते, तर डेलिया आणि ऑर्किडच्या संकरांची नोंद ब्रिटनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी ठेवते. ही नोंद फक्त नावाची असते. एकच नाव दोन फुलांना लागू नये आणि जनक कोण ते कळावे, एवढाच तिचा हेतू. त्यातून विक्रीचा हक्क मिळत नाही. आंबा आणि बोगनवेल यांच्या जगभरातल्या नावांची अशी वही आपल्याच दिल्लीतील भारतीय कृषी संशोधन संस्थेकडे आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. कसपटे यांच्या सीताफळाची नोंद मात्र वाणावरच्या मालकीची आहे.

मग नोंदणीकृत वाण म्हणजे दर्जेदार रोप?

नाही, आणि सगळा घोळ इथेच होतो.

प्राधिकरण वाण वेगळा आहे की नाही ते पाहते. तो जास्त उत्पन्न देईल का, तुमच्या जमिनीत जमेल का, रोगाला दाद देणार नाही का, हे प्रमाणपत्रात लिहिलेले नसते. वेगळेपणा पानाच्या आकारात असू शकतो किंवा फळाच्या सालीत. ‘सरकारने नोंदवलेला वाण’ याचा अर्थ ‘सरकारने शिफारस केलेला वाण’ असा होत नाही. शिफारशीची वाट वेगळी असते. ती कृषी विद्यापीठांच्या चाचण्यांमधून जाते.

शिवाय नोंद होते ती वाणाची. तुमच्या हातातल्या पिशवीतले रोप त्याच वाणाचे आहे, याची हमी ती नोंद देत नाही. एखाद्या कंपनीच्या मोबाइलला प्रमाणपत्र असते. म्हणून फुटपाथवर त्या नावाने मिळणारा प्रत्येक मोबाइल त्या कंपनीचा ठरत नाही.

नक्कल इतकी सोपी का?

सीताफळाच्या फुलात स्त्री-भाग आधी पक्व होतो, पराग नंतर सुटतात. परागीकरण बारीक भुंगेरे करतात. त्यामुळे बी लावून आलेले रोप आईसारखे निघेलच असे नाही. बाजारातून चांगले फळ आणून त्याची बी कुंडीत लावणाऱ्यांची निराशा होते ती यामुळेच. वाण जसाच्या तसा हवा असेल तर कलमच करावे लागते. गावठी सीताफळाचा खुंट घ्यायचा, त्यावर निवडलेल्या झाडाची काडी पाचर पद्धतीने बसवायची आणि पट्टी बांधायची.

जी गोष्ट वाण टिकवते, तीच चोरीही सोपी करते. संकरित कापसाचे किंवा मक्याचे बी पुन्हा पेरले तर गुण विस्कटतात. कंपनीला आपोआप संरक्षण मिळते. कलमाच्या झाडात असे कुलूप नाही. एका बागेतून छाटणीच्या वेळी मूठभर काड्या बाहेर पडल्या की एक कुशल कलमकार त्यांतून शेकडो रोपे उभी करू शकतो. ती रोपे खऱ्या वाणाचीच असतील, पण बेकायदा असतील.

याहून वाईट प्रकार म्हणजे काडी भलत्याच झाडाची आणि चिठ्ठी नामवंत वाणाची. रोपाच्या वयात सीताफळाचे दोन वाण पानांवरून ओळखणे तज्ज्ञालाही अवघड जाते, नवख्याची तर गोष्टच नको. खरे-खोटे कळते ते फळ आल्यावर, म्हणजे साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी. १६ बाय ८ फुटांवर लागवड केली तर एकरी सुमारे ३४० झाडे बसतात. तोवर खड्डे, ठिबक, खते, छाटणी आणि पाण्यासाठी केलेली पायपीट असा सगळा खर्च होऊन गेलेला असतो. रोपाची किंमत त्यात सर्वांत छोटा आकडा असते. चूक कळली की झाडे उपटायची किंवा खोड कापून पुन्हा कलम बांधायचे, एवढेच हातात राहते.

डाळिंबात धोका आणखी वेगळा आहे. तिथे गुटी कलमे फार चालतात. मातृझाडावर तेल्याचा प्रादुर्भाव असेल तर वाण शंभर टक्के खरा असूनही रोपाबरोबर रोग बागेत येतो. तेल्या आणि मर या दोन शब्दांनी या जिल्ह्यात किती बागा संपवल्या, हे सांगोला-मंगळवेढ्याकडच्या कुणालाही विचारावे. वाणाच्या नोंदणीचा आणि रोपाच्या आरोग्याचा काहीही संबंध नाही.

शेजाऱ्याला काडी दिली तर गुन्हा होतो का?

होत नाही. भारतीय कायद्याचे हे वेगळेपण आहे. कलम ३९ नुसार शेतकरी नोंदणीकृत वाणाचे बी स्वतःसाठी ठेवू शकतो, पुन्हा लावू शकतो, देवाणघेवाण करू शकतो आणि विकूही शकतो. कायद्यात ‘बियाणे’ या शब्दाच्या व्याख्येत रोप तयार होऊ शकेल असा कोणताही भाग येतो, म्हणजे काडीही आली. बंधन एकच आहे. त्या संरक्षित वाणाच्या नावाची चिठ्ठी लावून, ब्रँड म्हणून विकता येत नाही. थोडक्यात, भावकीत काडी देणे चालते. फलक लावून हजारो कलमांचा धंदा करणे चालत नाही.

ही रेषा कुठे ओढायची यावर देशात मोठी लढाई झाली आहे. बटाट्याच्या ‘एफएल-२०२७’ या नोंदणीकृत वाणावरून पेप्सिको कंपनीने २०१९ मध्ये गुजरातमधील शेतकऱ्यांवर दावे ठोकले. काहींकडून प्रत्येकी एक कोटीहून अधिक भरपाई मागितली. देशभर ओरड झाल्यावर दावे मागे घेतले गेले. डिसेंबर २०२१ मध्ये प्राधिकरणाने ती नोंदणीच रद्द केली. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने जुलै २०२३ मध्ये तो निर्णय कायम ठेवला, पण जानेवारी २०२४ मध्ये खंडपीठाने तो फिरवला. पाच वर्षांत निकाल इतक्या वेळा उलटला, यावरून या विषयातली गुंतागुंत लक्षात यावी.

वाण शोधणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती काय लागते?

चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांचे नाव इथे घ्यावेच लागते. १९८३ मध्ये त्यांना धानाच्या शेतात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यातून बारीक दाण्याचा जो वाण तयार झाला, त्याला त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून ‘एचएमटी’ नाव पडले. तो तांदूळ राज्याबाहेर पोहोचला. कृषी विद्यापीठाने त्यातूनच निवड करून ‘पीकेव्ही एचएमटी’ आणला. खोब्रागडे यांना पुरस्कार मिळाले, पैसा मिळाला नाही. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हाही बातम्यांचा सूर त्यांच्या हलाखीचाच होता.

‘सोनाका’ आणि ‘शरद सीडलेस’ही कायदा येण्याआधीचे. ते ज्याने लावले त्याने पैसा कमावला, त्यात गैर काही नव्हते. मालकीचा प्रश्नच तेव्हा नव्हता आणि त्यामुळेच ते वाण वेगाने पसरले, हेही मान्य करायला हवे. आज उलटे टोक दिसते. नाशिककडे ‘आरा’सारखे परदेशी संरक्षित द्राक्ष वाण परवान्याने येतात आणि बागायतदार त्यांच्यासाठी स्वामित्वशुल्क मोजतो.

कसपटे यांच्या हाती नोंदणीचा कागद आहे. तरीही परवानगीशिवाय आपल्या वाणाची रोपे करून विकली जातात, अशी जाहीर तक्रार त्यांना करावी लागली. कारण प्राधिकरण हक्क देते, पण रोपवाटिकांवर छापे घालत नाही. उल्लंघन शोधायचे, पुरावे जमवायचे, जिल्हा न्यायालयात जायचे, हे सगळे हक्कधारकाने स्वतः करायचे. बियाणे कंपनीकडे त्यासाठी वकिलांची फौज असते. शेतकऱ्याला मात्र तारखेच्या दिवशी बागेतली फवारणी पुढे ढकलावी लागते. कायद्यातला हा सर्वांत कच्चा दुवा आहे.

नोंदणी नसताना वाण नोंदणीकृत असल्याचे भासवणे किंवा खोटे नाव लावून विकणे, यासाठी कायद्यात तुरुंगवास आणि दंड दोन्ही आहेत. मात्र त्यासाठीही कुणीतरी तक्रार करावी लागते.

रोप घेताना काय पाहावे?

नोंदणी क्रमांक मागावा. खरा विक्रेता तो लपवत नाही. नोंदणीकृत वाणांची यादी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते. नाव तंतोतंत जुळते का ते बघावे. एका शब्दाने वाण बदलतो. डाळिंबातले ‘भगवा’ आणि ‘फुले भगवा सुपर’ हे दोन वेगळे वाण आहेत.

रोपवाटिका वाणाच्या मालकाची नसेल तर परवान्याची प्रत दाखवायला सांगावे. महाराष्ट्रात फळ रोपवाटिकांसाठी १९६९ पासून स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखालीही परवाना लागतो. काडी कोणत्या मातृझाडावरून घेतली, ती झाडे कुठे आहेत, हे विचारावे. जमल्यास ती झाडे फळांच्या हंगामात जाऊन पाहावीत. राष्ट्रीय बागवानी मंडळ रोपवाटिकांना तारांकित मानांकन देते, तेही पाहावे. कलमाचा जोड घट्ट आहे का आणि जोडाखालून खुंटाचे फुटवे आलेले नाहीत ना, हे डोळ्यांनी दिसते. जोडाखालचा फुटवा वाढू दिला तर वर कोणताही वाण असला तरी खाली गावठी सीताफळच फोफावते. घरच्या बागेत हे हमखास होते.

पक्के बिल घ्यावे आणि त्यावर नुसते ‘सीताफळ रोपे’ नव्हे, तर वाणाचे पूर्ण नाव लिहून घ्यावे. याचे कारण कायद्यात आहे. नोंदणीकृत वाण विकताना त्याच्याकडून कोणत्या परिस्थितीत किती अपेक्षा ठेवावी, हे शेतकऱ्याला सांगणे वाणाच्या मालकावर बंधनकारक आहे. तसे घडले नाही तर प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते. ही तरतूद फारशी कुणाला माहीत नाही. पण रोप अनधिकृत ठिकाणाहून घेतलेले असेल तर मालकाला जबाबदार धरता येत नाही आणि स्वस्तात मिळालेल्या रोपाबरोबर हा हक्कही जातो.

तेव्हा उरतो तो ग्राहक आयोग. बियाण्यात फसलेला शेतकरी हा ‘ग्राहक’च आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्यांकडेही देता येते. दोन्हीकडे पहिला प्रश्न बिलाचाच येतो. सीताफळाला फळ तिसऱ्या-चौथ्या वर्षी येते, त्यामुळे ते बिल तोपर्यंत जपावे लागते. आजच त्याचा फोटो काढून ठेवलेला बरा, कारण थर्मल कागदावरचा मजकूर कालांतराने उडतो.